सुट्या भिंतीचं मोल

घराचं मोल ठरवणं हा माझा धंदा. पेणला रामवाडीत माझं एका खोलीचं ऑफिस आहे. पेण-रोहे पट्ट्यात कुणाला घरावर कर्ज हवं असलं की बँक मला घर बघायला पाठवते. फी ठरलेली. सरळ चौकोनी फ्लॅट असो की वेडंवाकडं बांधकाम, बँकेच्या लेखी घर ते घर. यावरून शाखेतल्या साहेबांशी माझं कायम वाजतं. फ्लॅटचं काय, शेजारचे चार व्यवहार पाहिले की भाव कळतो. पण धाटावच्या वाटेवर मी एक घर पाहिलं, तिथे एकेका खाटेवर शिफ्टप्रमाणे तीन-तीन माणसं झोपत होती. ते घर धरायचं की धंदा? खाडीकडे मिठागरवाल्यांचं एक घर होतं, भरतीचं पाणी त्याच्या जोत्याला लागायचं आणि घरातली म्हातारी शांतपणे सांगायची, "लागतंय, पन चढत नाय." हे 'चढत नाय' अहवालात कसं मांडायचं? अशा घरांना पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि फी मात्र एकदाच मिळते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी हा धंदा काढलेला नाही.

पेणजवळच्या जोहे गावातल्या एका घरावरून मात्र आमचं भांडण कडेलोटाला गेलं. ते घर म्हणजे गणपतीचा कारखाना आणि संसार एकाच छपराखाली. पुढच्या उंच भागात मूर्ती घडतात, मागे माणसं राहतात. मालक दोघे भाऊ. थोरला मूर्तिकार, धाकटा धाटावला कंपनीत, रोह्यात भाड्याने राहणारा. धाकट्याला रोह्यात फ्लॅट घ्यायचा होता म्हणून त्याने आपला हिस्सा मागितला. त्यात वावगं काहीच नव्हतं. थोरल्याने घरावर कर्ज काढून तो विकत घ्यायचा, असं घरात ठरलं. शिमग्यापर्यंत कर्ज झालं नाही तर धाकट्याचा अर्धा भाग एक व्यापारी गोदामासाठी घेणार होता. मग कारखान्याच्या मधोमध भिंत आली असती आणि मोठी मूर्ती त्या घरात पुन्हा उभी राहिली नसती.

दिवाळी झाल्यावर मी गेले, मोजमाप केलं, फोटो काढले, अहवाल धाडला. थोड्याच दिवसांत साहेबांचा फोन.

"मॅडम, तुम्ही भलत्याच घराला जाऊन आलात."

माझं डोकं फिरलं. तशीच शाखेत गेले. त्यांनी दोन फोटो समोर ठेवले. एक माझ्या आधी आलेल्या मूल्यांककाने श्रावणात काढलेला. त्यात घराला पुढची भिंतच नव्हती आणि त्याने शेरा मारला होता, 'बांधकाम अपूर्ण.' माझ्या फोटोत अख्खी भिंत होती, तीही शेणामातीने लिंपलेली, वर्षानुवर्षांची वाटावी अशी. मुख्य कार्यालयाचं म्हणणं एकच, यातलं घर तरी खोटं नाहीतर बाई तरी.

स्कूटर काढली ती थेट जोह्याला. मूर्तिकाराने फोटो पाहून कपाळावर हात मारला.

"अवो ताई, ती सुटी भिंत हाय! मोठा गनपती दारातून कसा जानार? त्याच्या टायमाला आमी भिंत काढतो, मंग परत रचतो. आज्यापासून हायच तसं."

मी बोट फिरवून पाहिलं. विटांत सिमेंटचा कण नव्हता, नुसती माती. माझ्यासारखी घरं बघून केस पांढरे केलेली बाईसुद्धा लिंपणाला फसली होती. मी म्हटलं, शटर का नाही लावत? तर म्हणे शटरच्या फटींतून वारं येतं आणि ओली शाडू तडकते. मग मी वर पाहिलं. छपराचा सगळा भार एका जाडजूड लोखंडी गर्डरवर होता आणि गर्डर दोन बाजूंच्या खांबांवर. भिंतीवर काडीचाही भार नव्हता.

"मग आत्ता काढून दाखवा, मी व्हिडिओ घेते," मी म्हटलं.

त्याची आई कोपऱ्यात रंगाची वाटी घेऊन मूर्तीचे डोळे आखत होती. ब्रश न उचलता म्हणाली, "नाय गो. गनपती भायेर काढायचा असल्याबिगर भिंत निघत नाय. बँकेसाठी तर नायच नाय."

"आजी, भाद्रपद यायच्या आत घर अर्धं होईल."

"भादव्याची वाट कशाला? माघात रोह्याच्या मंडळाचा जातोय ना."

माघ शिमग्याच्या आधीच येतो. मला एवढंच हवं होतं.

साहेब म्हणाले, फोटो पाठवा. मी म्हटलं, घोळ फोटोंनीच घातलाय, आता तुम्हीच या. ते टाळू लागले तसं मी त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडलं. "आणि फी दोन भेटींची लागेल. एक भिंत असताना, एक नसताना." असा रकानाच नाही, ते म्हणाले. मग नवा रकाना पाडा, मी म्हटलं. शेवटी मला घालवण्यासाठी ते 'येतो' म्हणाले असावेत, पण माघात मंडळाची मूर्ती निघायच्या दिवशी मी त्यांना घरून उचलून स्कूटरवर मागे बसवलं.

नारळ फुटला, 'मोरया' झाला आणि वरून एकेक वीट हातोहात खाली येऊ लागली. रांगेत एक माणूस कमी पडत होतं. आजीने साहेबांकडे पाहिलं, "अवो, उभं काय ऱ्हायलाव?" साहेबांनी निमूट बाह्या सरसावल्या. भिंत गेली आणि मूर्ती बाहेर पडून टेम्पोवर चढली. साहेब मातीने माखलेल्या शर्टात उभे राहून वर बघत होते. छप्पर जिथल्या तिथे होतं.

"पण मॅडम, भिंत आहे असं लिहिणार की नाही असं?"

मी तिथेच लिहिलं, 'आहे. गणपती निघताना नसते.' खाली त्यांची सही घेतली.

कर्ज शिमग्याआधी मंजूर झालं. माझं दोन भेटींचं बिल परत आलं, मी पुन्हा पाठवलं. परत आलं, पुन्हा पाठवलं. शेवटी चुकतं झालं.

पुढच्या भाद्रपदात घरचा गणपती आणायला गेले तेव्हा मोठ्या मूर्ती निघून गेल्या होत्या आणि भिंत परत चढत होती. धाकटा कंपनीतून रजा काढून आला होता आणि विटा देत होता. शेवटची वीट घरच्या माणसानेच बसवायची, अशी त्यांची रीत. आजीने ती धाकट्याच्या हातात दिली. तो मागे सरला.

"दादाला दे आये. माझा हिस्सा गेला ना आता."

"हिस्सा इकलास. घर इकलंस काय?"

त्याने वीट बसवली. वाकडी बसली. आजीने ती काढून पुन्हा बसवायला लावली. मी मोबाइल काढून भिंतीचा फोटो घेतला. त्या फेरीची फी मी कुणाकडेच मागितली नाही.