कापसाच्या ओळीत सांगितलेलं

तेलंगणातल्या आमच्या जैनथ मंडलात, म्हणजे तालुक्यात, कापूस वेचण्यात माझी थोरली जाऊ जयवंताबाई एक नंबर. हे मला सांगावं लागतं, कारण ती स्वतःहून कधी सांगायची नाही. तिचे दोन्ही हात सारखे चालतात, पोटाशी बांधलेली ओटी बघता बघता भरते आणि तोंड मात्र बंद. तोंड बंद ठेवायला तिला मीच शिकवलं होतं, एवढी माझी कर्तबगारी!

बारा वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला, भूषण, आणि ती खाईना, झोपेना. लेकरू पुढ्यात दिलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. आदिलाबादला मनाच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. गावात कुणी विचारलं की मी ठोकून द्यायची, "कावीळ झाली होती." ही थाप इतकी पचली की कावीळ झालेली माणसं पथ्य विचारायला आमच्या दारी यायला लागली. ती बिचारी सगळ्यांना ऊस खायला सांगायची.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही आशाबाईच्या शेतात वेचणीला गेलो. तिची सून शीतल नुकतीच बाळंतपणातून उठलेली. बोंडाला हात लावायची आणि तशीच उभी राहायची.

"कामचोर हाय," आशाबाई सगळ्यांसमोर म्हणाली. "दिसभर रडून राह्यली, लेकराले जवळ घेत नाई. सोमवारी बापाच्या घरी पोचवूनच टाका लागते."

जयवंताबाईनं आपली ओळ अर्धी सोडली आणि ती शीतलच्या बाजूच्या ओळीत शिरली. वेचताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. नजर बोंडावर असते, म्हणून बोलायला सोपं जात असेल.

"पोरी, मले कावीळ नोती झाली," ती म्हणाली, आणि चार ओळींपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "माहं मन बिमार होतं. लेकरू रडे तं वाटे, हे कोनाचं होय? लाजेनं कोनाले सांगतलं नाई. डॉक्टरच्या गोळ्यायनं उठलो. अजूनई गोळी घेतो मी."

मला असा राग आला! मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "जाऊबाई, आपल्या घरच्या पोरीची, चैत्रालीची, सोयरीक चालू हाय. तिकडं कळलं तं?"

"काऊन भेतं? सोयऱ्याईलेई मीच सांगन."

तेवढ्यात शीतल मटकन खाली बसली. "मलेई तसंच वाटते, काकू. लेकरू माहं वाटतच नाई," म्हणाली आणि हमसून हमसून रडली. जयवंताबाई तिच्याजवळ मातीत बसली. तिचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले. आशाबाई ओळ ओलांडून जवळ आली. मग हळूच म्हणाली, "सोमवारी तुमी आमच्या संग याल का डॉक्टरकडं?"

सोमवारी आम्ही चौघी आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. पुढचं सांगताना आजही माझी मान ताठ होते. दवाखान्यात बाकावर शीतलनं पदर नाकापर्यंत ओढलेला. आशाबाई, गावचं कुणी दिसतंय का, तेच बघत होती. चिठ्ठी घेणाऱ्या माणसानं तेलुगूत विचारलं, "पेशंट एवरू?" पेशंट कोण, एवढं आम्हाला सगळ्यांना कळलं, पण तोंड उघडेना कुणी. मीसुद्धा फरशीकडे बघत बसले.

जयवंताबाई उठली. शीतलचा हात धरून तिनं तिला उठवलं आणि भरल्या दवाखान्यात खणखणीत आवाजात म्हणाली,

"आमी दोघी. मी जुनी, ही नवी."