खुर्चीत बसून ऐकायचं गाणं

ऑर्केस्ट्रातली सगळी गाणी दुसऱ्यांची असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज मुंबईच्या कुणा मोठ्या गायकाचा, आणि पडद्यावर ओठ हलवणारा आणखी चौथाच. आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत बसून ती रेडिओवरून उतरवून घ्यायचो आणि लग्नांत, बारशांत, मंडळांत म्हणायचो. तरी कोणतं गाणं कोणाचं यावरून आम्ही जेवढे भांडलो, तेवढे सख्खे भाऊ वाटणीवरून भांडत नसतील.

आम्ही सातजण होतो. मी दिवसा कचेरीत टंकलेखक आणि संध्याकाळी गिटारवाला. एकदा कुही गावच्या एका लग्नात आमचे दोन गायक एकाच गाण्यासाठी एकदम उठले, माइकची ओढाताण झाली आणि वऱ्हाडी पोट धरून हसले. परतताना टेम्पोतच आमच्या तबलजीनं कायदा केला, "ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, गाणं त्याचं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलाचं नाही."

मग एक लांब वही केली. एका पानावर एक गाणं, वरच्या कोपऱ्यात म्हणणाऱ्याचं नाव आणि त्याची पट्टी. गाणं सोडायचं तर ज्याचं त्यानंच आपलं नाव खोडायचं, दुसऱ्यानं नाही. ऑर्केस्ट्रातली बाकी कसलीच शिस्त आम्ही पाळली नाही, वेळेवर तर कधीच कुठं पोचलो नाही, पण हा कायदा मात्र सगळ्यांनी पाळला.

त्या वहीत अर्ध्याहून जास्त पानांवर एकच नाव होतं. तो आमचा मुख्य गायक. दिवसभर सायकलींचे पंक्चर काढायचा, संध्याकाळी रॉकेलनं हात धुऊन तालमीला यायचा. शिकलेला नव्हता, पण पांढरी चारच्या उंच पट्टीत असा मोकळा लागायचा की मागे गिटार धरून मला दर वेळी वाटायचं, देवानं हा गळा चुकीच्या पत्त्यावर टाकला. माझ्या पत्त्यावर टाकायला हवा होता, असंही वाटायचं. ते मी कोणाला सांगितलं नाही. कार्यक्रमाचा शेवट त्याच्याच एका गाण्यानं व्हायचा. संथ गाणं होतं, घर सोडून निघालेल्या माणसाचं. ते झाल्याशिवाय लोक खुर्च्यांवरून उठत नसत.

खर्रा आम्ही सगळेच खायचो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचा आणि गालात धरायचा. नागपुरात यात कोणाला काही विशेष वाटत नाही. स्टेजवर जाण्याआधी आमचा गायक खर्रा पडद्यामागे थुंकायचा, चूळ भरायचा आणि जायचा. पुष्कळदा पुडी माझ्या खिशातली असायची.

त्याच्या जिभेच्या कडेला चट्टा आला तेव्हा सगळे म्हणाले, तोंड आलं आहे. गुलकंद झाला, ग्लिसरीन झालं, कुणा वैद्याचं चूर्ण झालं. सहा महिन्यांनी दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टरांनी अर्धी जीभ आणि जबड्याचा एक भाग काढला. आवाज निघायचा, पण त्याचा शब्द होत नव्हता. बोलायला गेला की घरातली मुलं घाबरायची, म्हणून त्यानं बोलणंच टाकलं. मुलाची पाटी उशाशी घेतली आणि लागेल ते तिच्यावर लिहू लागला. नाकातल्या नळीतून वरणाचं पाणी जायचं. हे सारं आणीबाणी उठल्यानंतरच्या दोनेक वर्षांतलं.

गायकाशिवाय ऑर्केस्ट्रा चालत नाही. एकेक जण पांगला. ढोलकवाला भिलाईला नोकरीला गेला, तबलजीनं किराणा टाकला. वही माझ्याकडे राहिली, कारण माझ्याकडे ट्रंक होती.

त्या वर्षी शारदोत्सवाच्या मंडळाचा सेक्रेटरी माझ्याकडे आला. "या वर्षी मोठा बाजा नाही जमत. तू एकटाच ये, गिटार आन, दहा गाणे म्हण. लोक तुले ओळखतेत," तो म्हणाला. मी कोरसमध्ये गायचो, फार तर एखाद-दुसरं गाणं वाट्याला यायचं. तरी हो म्हणायला मला श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाटला तो आनंद. आठ वर्षं मी त्याच्या पाठीकडे बघत वाजवलं होतं. दुःख नंतर वाटलं, रात्री जेवताना.

गाणी निवडायला बसलो तेव्हा दाणादाण उडाली. एकट्या गिटारवर काय उभं राहतं आणि काय पडतं हे वाजवल्याशिवाय कळत नाही. बाईच्या आवाजाची सगळी बाद. ज्यांत ढोलकी उचलते ती बाद, कारण ढोलकीशिवाय ती लंगडतात. मधल्या म्युझिकमध्ये बासरी असेल तर लोक ती मनात वाजवतात आणि माझ्या तारांकडे कीव केल्यासारखं बघतात. गाळून गाळून जी चांगली उरली, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक पानावर त्याचं नाव होतं. ती मी बाजूला ठेवली. माझी दोन, पांगताना बाकीच्यांनी नाव खोडून सोडलेली पाच आणि कोणाच्याच नावावर नसलेली तीन, अशी दहा कशीबशी जमवली. यादी म्हणजे चार घरचं मागून आणलेलं जेवण होतं.

त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, माझा कार्यक्रम ठरल्याचं कुठून तरी कळलं. त्या मला रस्त्यात भेटल्या. "हे दिवसभर भिंतीकडे पाहून पडले राहाते, भाऊजी. तुमी तालीम आमच्या घरी करत जा ना. तेवढाच ह्यांचा वेळ जाईन."

मला जायचं नव्हतं. त्या खोलीतला वास सहन होत नव्हता, आणि त्याच्यासमोर तोंड उघडून गायचं म्हणजे पाय गेलेल्या माणसासमोर धावून दाखवायचं. पण वहिनींना नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर गिटार घेऊन गेलो.

तो भिंतीला टेकून बसला, तोंडाला फडकं धरलं आणि हातानं खूण केली, सुरू कर. मी पहिलं गाणं म्हटलं. दुसऱ्या ओळीलाच त्यानं खाटेच्या लाकडावर बोटाचं हाड आपटलं आणि पाटीवर लिहिलं, "घाई काहून करून राहिला?" मी पुन्हा सुरू केलं. मधलं म्युझिक मी कापून टाकलं होतं, तिथं तो पुन्हा थांबवायचा. लिहायचा, "रिकामं राहू दे. लोकांले श्वास लागते." पंधरा दिवस असंच चाललं. ताल लाकडावर, सूर भुवईवर. भुवई वर गेली की मी खाली लागलोय. ज्यानं मला आठ वर्षांत एकदाही काही शिकवलं नाही, त्यानं जीभ गेल्यावर मला गायला शिकवलं. संध्याकाळी पाचची वाट बघायला लागला, असं वहिनी म्हणायच्या.

कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा त्यानं माझी यादी मागितली. बोटानं वरून खाली गेला. मग लिहिलं, "शेवटचं कुठी आहे?"

"ते तुझं आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं, शिसपेन्सिलीनं स्वतःचं नाव आडवं खोडलं आणि बाजूला माझं लिहिलं. पांढरी चार खोडून बरीच खालची काळी एक केली. त्याला माझा गळा माहीत होता. मग तीच पेन्सिल त्यानं माझ्या गिटारच्या पहिल्या पडद्यावर आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळून बांधली. गिटारची पट्टी बदलायला आम्ही तसंच करायचो.

मी म्हटलं. खालच्या पट्टीत ते गाणं वेगळंच झालं. त्याच्या तोंडी तो घर सोडून निघालेला माणूस तरणा वाटायचा, माझ्या तोंडी तो दमलेला वाटला. आणि मला कळलं की ते चांगलं होतंय. वहिनी कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यानं डोळे मिटले होते. लाकडावरचं बोट थांबलं होतं.

गाणं संपल्यावर त्यानं पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होता. "आठ वर्ष मी हे उभं राहून म्हटलं. लोक का उठत नव्हते ते मले कधी समजलं नाही. एकडाव लोकायमध्ये खुर्चीत बसून ऐकाचं आहे."

यापेक्षा सरळ काय लिहायचं असतं? मी काय केलं ते सांगतो. मी पाटी त्याच्या हातातून घेतली, ओल्या फडक्यानं पुसली आणि म्हटलं, "काहीतरी बोलू नको बे. पुढच्या वर्षी तूच म्हणशील." त्याच्या घरी येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. मग वही घेऊन खिशातल्या खोडरबरानं माझं नाव पुसलं आणि खोडलेल्या नावाखाली पेननं त्याचं नाव पुन्हा लिहिलं. मला वाटलं मी फार मोठी गोष्ट करतो आहे.

त्यानं लाकडावर मूठ आपटली. एकदाच. मग भिंतीकडे वळला.

शारदोत्सवाच्या मांडवात दोन-तीनशे माणूस होतं. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. तो वहिनींबरोबर सायकलरिक्षातून आला, ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात तोंडाभोवती मफलर गुंडाळून. लोक पहिल्या रांगेतली खुर्ची देत होते, ती त्यानं घेतली नाही. तो तिसऱ्या रांगेत कडेला बसला, हात गुडघ्यावर ठेवून, शाळेत बसतात तसा.

दहाही गाणी बरी झाली. मध्ये रिकामं सोडलं तिथं लोकांनी खरंच श्वास घेतला. मग मागून आवाज सुरू झाले. "शेवटचं होऊ द्या! शेवटचं!" मला माहीत होतं होणार. गिटारवर पेन्सिल अजून बांधलेलीच होती. मी त्याच्याकडे बघितलं. तो सरळ झाला. मफलर थोडा खाली केला, कान मोकळे करायला.

त्या दोन-चार क्षणांत मी काय विचार केला ते इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही. तबलजीचा कायदा आठवला, हे खरं. पण त्याहून खरं हे की मला भीती वाटली. वाईट झालं तर लोक म्हणतील, याला त्याची सर नाही. आणि चांगलं झालं तर? तर त्याच्यादेखत त्याची जागा भरून निघाली असती. मला दोन्ही नको होतं. मला फक्त चांगला माणूस दिसायचं होतं.

मी माइकवर म्हणालो, "ते गाणं ज्याचं आहे तो इथंच बसला आहे. तो बरा होईल आणि पुढच्या वर्षी तोच म्हणेल. तोपर्यंत त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

टाळ्यांनी मांडव दणाणला. तेवढ्या टाळ्या मला त्याआधी मिळाल्या नव्हत्या आणि नंतरही मिळाल्या नाहीत. सगळी माणसं माना वळवून त्याच्याकडे बघू लागली. काही बायका डोळे पुसत होत्या. त्यानं मफलर नाकापर्यंत ओढला. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्याला उठून हात जोडावे लागले.

मी स्टेजवरून उतरून धावत गेलो तोवर ती दोघं रिक्षात बसली होती. तो दुसरीकडे बघत होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "टाळ्या तुमाले भेटल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गाणं काही ह्यांले भेटलं नाही." रिक्षा निघाली.

दोन दिवसांनी गिटार घेऊन त्याच्या घरी गेलो. पेन्सिल तशीच होती. खाटेजवळ बसलो आणि पहिला तुकडा वाजवला. त्यानं तारांवर हात ठेवला. हात हलका झाला होता, पण तारा बंद झाल्या. पाटीवर दोनच शब्द लिहिले, "आता नको."

त्यानंतर मी रोज जात राहिलो, गिटारशिवाय. तो माझ्यावर रागावलेला दिसला नाही. पाटीवर कचेरीचं विचारायचा, माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारायचा. गाण्याचं एक अक्षर नाही. दिवाळी झाली आणि आठवड्याभरात तो गेला. घाटावर तबलजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू त्याचं गाणं राखलं गा." मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. कायदा त्याचा होता, पण तो कुठं थांबवायचा हे मला कळायला हवं होतं.

मी पुढे कुठंच गायलो नाही. खर्रा सोडला, तोही लगेच नाही, तीन वर्षांनी. ती वही अजून ट्रंकेत आहे. शेवटच्या गाण्याच्या पानावर त्याचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं खोडलेलं आहे. त्याखाली पुन्हा त्याचंच नाव आहे, माझ्या अक्षरात.