कुसुमची तिथी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापाशीसुद्धा नाही — देवासमोर उभा राहिलो की मुलांच्या परीक्षांचं वगैरे मागून मोकळा व्हायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बाजारात समोर आलात तरी तोंड फिरवणार नाही. फिरवलंत तरी — सरी, ठीक आहे, फिरवा.

कुठून सुरुवात करू? नोकरीपासून करतो, ते सोपं आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. बेंगळुरात दंडूमध्ये — कॅन्टोन्मेंटला आम्ही जुने लोक दंडूच म्हणतो — साउथ परेडवर एक प्रवास कंपनी होती. तिथं मी कारकून. बोटीची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज, व्हिसाचे कागद. साहेब फक्त सही करायचा. आमच्या कॉटनपेठेतल्या मराठी घरांतली, शिवाजीनगरच्या कापडवाल्यांतली बरीच माणसं तेव्हा सिलोनला नोकरीधंद्याला होती आणि त्यांचे आईबाप इकडे. पूर्वी कुणीही उठून बोटीत बसायचं. मग नवे कायदे आले, व्हिसा लागायला लागला. म्हाताऱ्यांना तिकडे कायमचं राहता यायचं नाही, पण प्रवासी म्हणून, देश बघायला आलो म्हणून, काही महिने काढता यायचे. ते जमवून देणं ही माझी हातोटी. अर्जात काय लिहायचं, काय गाळायचं, परतीचं तिकीट कसं दाखवायचं, आणि मुदत संपत आली की तिथल्या कचेरीत ती वाढवून कशी मागायची. संक्रांत झाली की माणसं निघायची, आषाढात परतायची, पुढच्या संक्रांतीला पुन्हा निघायची.

लोक मला व्हिसा अण्णा म्हणायचे. रविवारी सकाळी आमच्या पायरीवर दोनतीन म्हातारी माणसं बसलेली असायचीच. मी "होईल" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला फार आवडायचं. आणि "अवघड आहे" म्हटलं की जे यायचं — तेही आवडायचं. हे तेव्हा मला कळत नव्हतं असं म्हणू का? कळत होतं.

आता वैनी.

माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. त्याच वर्षी थोरल्या भावाचं लग्न झालं आणि सोळा वर्षांची वैनी घरात आली. तिनं मला न्हाऊ घातलं, मला टायफॉईड झाला तेव्हा एकवीस दिवस उशाशी बसली. मला ती "तम्मा" म्हणायची — कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. पुढे भाऊ गेला. वैनी आणि तिची एकुलती एक कुसुम माझ्याकडेच राहिल्या. माझ्याकडे — बघा, अजून असंच तोंडात येतं. घर वडलांचं होतं, जेवढं माझं तेवढं भावाचंही. पण मी त्यांना सांभाळतो असं सगळे म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो.

माझी बायको नलिनी शाळेत शिकवायची. आम्हाला दोन मुलं. स्वयंपाक, मुलांची आजारपणं, नलिनीची डोकेदुखी, माझं अकराचं जेवण — सगळं वैनी. तिला कधी कुणी थांब म्हटलं नाही. मी तर नाहीच.

कुसुमचं लग्न कोलंबोतल्या एका कापडदुकानाच्या हिशेबनिसाशी झालं. मुलगा साधा, घाबरट. दुसऱ्या वर्षी कुसुमनं आईला बोलावलं. मीच कागद केले, कॉलऱ्याची सुई टोचून आणली, ओळखीच्या कुटुंबाबरोबर तिला धनुष्कोडीपर्यंत आणि तिथून बोटीनं पाठवलं. तीन महिन्यांनी परतली ती वेगळीच बाई होऊन. रंग उन्हानं रापलेला, पण गाल भरलेले. सांगत काय होती, तर कुसुम चुलीपाशी फिरकू देत नाही, दुपारी झोप म्हणते, संध्याकाळी समुद्रावर नेते. वैनी दुपारी झोपते! आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं,

"तम्मा, पुन्हा कधी जाता येईल रे?"

तीन महिने आम्ही हॉटेलातून डबे आणले होते, मुलं किरकिरी झाली होती, नलिनी माझ्यावर ओरडत होती. आणि ही आल्या आल्या जायचं विचारते? मला वाढवलेली, माझ्या घरात राहणारी?

मी कपाटातून एक छापील कागद काढला. बोटीचं वेळापत्रक होतं ते. वैनीला अक्षरओळख नव्हती. मी त्यावर बोट फिरवत वाचल्यासारखं केलं — वर्षात तीनच महिने. त्याच्यावर एक दिवस नाही. नंतर नऊ महिने आपल्या देशात राहायलाच पाहिजे. मोडलं तर पोलीस.

"सरकारचं आहे," ती म्हणाली. "आपण काय करणार."

इतकं सोपं होतं ते.

त्यानंतर दर वर्षी तीनच महिने. अर्जात मुदतच मी तीन महिन्यांची मागायचो, म्हणजे शिक्काही तेवढ्याचाच पडायचा. मुदतवाढीचा अर्ज एका पानाचा असतो. शिवाजीनगरच्या एका कापडवाल्याच्या सासूला मी तीनदा वाढवून दिली होती. ती बाई तिकडे सात महिने राहून आली. तसले कोरे अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये गठ्ठ्यानं पडलेले असायचे.

एवढंच असतं तर मी कदाचित तुमच्यापाशी आलो नसतो. एवढ्यानं माणसाला झोप येते. मला येत होती.

चौथ्या वर्षी कुसुमला दिवस गेले. आधी दोनदा राहून पडले होते. वैनी संक्रांतीनंतर गेली. बाळंतपण वैशाखात होतं आणि तीन महिने चैत्र संपताना भरत होते. कुसुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. तिचं अक्षर मला पाठ होतं, मीच तिला पाटीवर गिरवायला शिकवलं होतं. "काका, आईला दोन महिने वाढवून द्या. मला भीती वाटते. तुम्ही मनात आणलंत तर होईल."

मनात आणलं तर! खरंच होतं. मी मनात आणलं नाही.

कारण सांगतो. वैशाख शुद्ध दशमीला माझ्या मुलाची मुंज होती. बेळगावहून नलिनीचं सगळं माहेर येणार, सत्तर-ऐंशी पान. आचारी मिळत नव्हते का? मिळत होते. पण वैनीच्या हातच्या जेवणाची मी सगळीकडे फुशारकी मारून ठेवली होती. आणि खरं सांगू? त्याखाली आणखी एक होतं. पोटुशी लेक एकीकडे आणि माझा शब्द दुसरीकडे — ती कुणाचं ऐकते, ते मला बघायचं होतं.

जावयाला मी लिहिलं, की मुदत वाढवून मागितली तर कचेरी तुमचा स्वतःचा राहण्याचा परवानाही तपासायला काढेल; माझ्या माहितीतल्या एकाला आठ दिवसांत घर सोडावं लागलं. असा कुणी नव्हता. मग वर तार केली — ताबडतोब पाठवा, नाहीतर मला काही करता येणार नाही.

ती आली. स्टेशनवर मी घ्यायला गेलो होतो. डब्यातून उतरली, माझा हात धरला, म्हणाली, "डिंकाचे लाडू करून ठेवलेत. शेजारीण चांगली आहे. होईल ना रे सगळं नीट?" मी म्हटलं, होईल. ती म्हणाली, "पोलीस-बिलीस काही आलं नाही ना तुझ्याकडे?" माझी काळजी करत होती ती. मी तिची पेटी उचलली आणि सांगितलं, थोडक्यात निभावलं.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले आणि मुंजीचं निवडण घेऊन बसली.

सप्तमीला दुपारी ऑफिसात तार आली. मुलगी झाली, कुसुम गेली. आदल्या दिवशी, षष्ठीला.

मी तार दोनदा वाचली. माझ्या समोर एक गृहस्थ आईच्या व्हिसासाठी बसले होते, त्यांचा अर्ज मी भरून पुरा केला. त्यांना पोच दिली. मग ड्रॉवर उघडला आणि तार त्या कोऱ्या अर्जांच्या खाली सारली.

हे ते. हे मला सांगायचं होतं.

मी काय विचार केला, ते आठवतं. घरात रडारड, वैनीला सुतक, मुंज मोडली. बेळगावची माणसं आदल्याच दिवशी येऊन उतरलेली. पुन्हा मुहूर्त जेठात, आणि तेव्हा माझी रजा नाही. विचार करायला मला एक कप कॉफीइतका वेळ लागला.

घरी गेलो. वैनी मागच्या पडवीत चुलीपाशी होती, समोर परातीत बुंदी. विधवा म्हणून ती मांडवात यायची नव्हती, पण मागचं सगळं तिचं. मला बघून म्हणाली, "काही कळलं का रे कोलंबोचं?" मी म्हटलं, अजून नाही. तिनं माझ्या हातावर एक लाडू ठेवला — "स्वल्प चाखून सांग, पाक बरोबर आहे का." मी खाल्ला. पाक बरोबर होता. तसं सांगितलं.

सप्तमी, अष्टमी, नवमी, दशमी, एकादशी. पाच दिवस. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचो. नवमीला बायका तिला गाणं म्हणायचा आग्रह करू लागल्या. तिनं मागच्या दारात उभं राहून, पदर तोंडाशी धरून, पाळण्याचं म्हटलं. कुसुमसाठी म्हणून ठेवलेलं असणार. सगळ्या हसल्या — मुंजीत पाळणा कसला म्हणून. मीही हसलो. हसायला कुणी लावलं होतं मला? कुणीच नाही.

जेवणं उत्तम झाली. बेळगावचे लोक अजून नाव काढतात.

द्वादशीला दुपारी शेवटचे पाहुणे गाडीत बसवले, ऑफिसात जाऊन तार घेतली आणि घरी आलो. वैनी मोठी भांडी घासत होती. मी म्हटलं, वैनी, तार आली आत्ता. तिनं माझं तोंड बघितलं आणि राखेचा हात तसाच धरून खाली बसली. मग एवढंच विचारलं,

"कधी?"

"काल," मी म्हटलं.

सत्य सांगायचं तर पाच दिवस मी काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं. म्हणून काल. तारीख बघायला ती तार वाचणार नव्हतीच. नलिनीनं मागितली तेव्हा ऑफिसात राहिली म्हणालो.

"काल म्हणजे एकादशी," वैनी म्हणाली. "एकादशीला गेली. सुटली माझी पोर." आणि मग रडायला लागली. तेवढा एक आधार तिला मिळाला, आणि तो मी घाईत बनवलेला.

ती तिथं असती तर कुसुम वाचली असती? मला माहीत नाही. तिथं डॉक्टर होता, दवाखाना होता. वैनीनं हात धरला असता. तेवढं नक्की झालं असतं.

वर्षभरानं तिनं नात बघायला जायचं काढलं. मी म्हटलं, लेकीच्या घरी जायला व्हिसा मिळतो, जावयाच्या घरी मिळत नाही. हेही खोटंच. मिळाला असता, मी आठ दिवसांत करून दिला असता. पण तिथं गेली तर जावई बोलताबोलता दिवस सांगेल, ही भीती होती मला. तिनं पुन्हा एकदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. जावयानं दुसरं लग्न केलं, पत्रं विरळ झाली, मग थांबली. जी आली त्यांतली दोन मी वाचूनच दाखवली नाहीत. एकात मुलीचा फोटो होता. तो मी फाडला. का? घरात राहिला असता तर ती रोज बघत बसली असती आणि मला रोज ते बघावं लागलं असतं.

पुढे अकरा वर्षं ती जगली. दर वैशाखात ती एकादशी निर्जळी करायची आणि द्वादशीला गल्लीतली एक सवाष्ण जेवायला बोलवायची — कुसुमच्या नावानं, कुसुमच्या वयाची बघून. पुरण करायची. माझं पान सवाष्णीच्या पानाशेजारी मांडायची. शेवटच्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं, बसूनच वाढत होती. वाढता वाढता म्हणाली,

"तम्मा, तू होतास म्हणून निदान माझ्या लेकीचा दिवस तरी मला कळला. नाहीतर परदेशात गेलेल्यांचं काय कळतं कुणाला."

मी आणखी तूप मागितलं.

ती त्याच पावसाळ्यात गेली. नलिनीनं ते व्रत पुढे चालवलं, वैनीची आठवण म्हणून. आता सून करते. दर वैशाखात द्वादशीला कुणीतरी परकी लेकुरवाळी येऊन आमच्याकडे पाटावर बसते, तिची ओटी भरतात, आणि मला हाक मारतात. मी हातपाय धुऊन येतो आणि जेवायला बसतो.