सव्वाअकराला मल्लप्पा कुठे होता?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला नवा माग सुरू करणारा माणूस मी! ही गोष्ट सांगायला लाज वाटते... पण ती भुतामुळे नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या वर्षी एका सकाळी मल्लप्पाच्या उजव्या हातातून सुताची कांडी पडली. हात उचलवेना. काय झालं विचारलं, तर तोंड एका बाजूला वाकडं आणि बोलणं बोबडं. वीस वर्षांचा जुना कामगार, लिंगायत, गळ्यात लिंग, दारूला कधी शिवला नाही. तरी मी चारचौघांत ओरडलो, "सकाळी सकाळी ढोसून आलास? बाहेर जाऊन बस!" घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. ऑर्डरची घाई होती, डोकं ठिकाणावर नव्हतं... असं मी स्वतःला सांगतो.

साडेबाराला त्याची बायको महादेवी रिक्षातून धावत आली. तिला कुणीही फोन केला नव्हता. मल्लप्पा कडुलिंबाखाली आडवा पडला होता, तोंडातून लाळ गळत होती. तेव्हा कुठे माझी तंतरली.

दवाखान्यात स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी आहे. बीपीमुळे झालेलं दिसतंय. सुरुवात किती वाजता झाली? साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. पण वेळ नक्की कळल्याशिवाय मी देणार नाही."

डॉक्टर आणि महादेवी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "माहीत नाही."

"सव्वाअकरा," महादेवी म्हणाली. "मी घरी विड्या वळत हुते. हे दारात येऊन हुबे राह्यले. म्हनले, 'जीब वळंना गं, मालक ऐकंना.' इतक्या लवकर कसं आले म्हनून घड्याळ बघितलं की. पानी आनायला आत गेले, तवर न्हाईत! गल्लीभर हुडकलं, मग कारखान्याकडं आले."

तिचं घर विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, कारखान्यापासून कितीतरी लांब. मल्लप्पा तर झाडाखालून हललाही नव्हता, सगळे कामगार साक्षीला आहेत.

"प्रत्यक्ष बघितलेलं कुणी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मान खाली घातली. "सव्वाअकराच. माझ्यासमोर झालं. दारू प्यायलाय म्हणून मीच त्याला बाहेर बसवलं."

इंजेक्शन वेळेत मिळालं. मल्लप्पा आता काठी टेकत चालतो. बोलणं मात्र परतलं नाही, "मालक" एवढाच शब्द स्पष्ट येतो.

त्या दिवशी तिच्या दारात कोण उभं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. महादेवीने मला एकदाच विचारलं, "मालक, ठावं हुतं तर आदी का न्हाई बोलला?"

मी तिलाही म्हणालो, "माहीत नाही."