बांधातून काढलेला पाइप

ताईची विहीर गेल्या पावसाळ्यात खारट झाली ती माझ्यामुळे. हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. केलं नाही.

माझी थोरली बहीण कोकणात खाडीकाठी राहते. परसाला खाडीच्या बाजूनं मातीचा उंच बांध आहे, त्यामुळे पावसाचं पाणी आतच साचायचं. नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. बांधातून खाडीत पाइप काढायचा नकाशा मीच करून दिला. जागा बघायला गेलो तेव्हा ओहोटी होती, खाडी खूप खाली दिसत होती. भाऊजी म्हणाले, "उधाणाला पाणी पार बांधाच्या माथ्याशी लागतं. पाइप नको." मी हसलो. "अहो भाऊजी, पाणी चढ चढत नाही. आमच्या सदाशिव पेठेत तरी नाही चढत."

पहिल्याच मोठ्या उधाणात खाडी त्या पाइपातून उलटी परसात आली आणि विहिरीत शिरली. दिवाळीपर्यंत ताई वरच्या आळीतून प्यायचं पाणी आणत होती. आणि मी फोनवर भाऊजींना काय म्हणालो? "उतार चुकवला असेल तुम्ही. नकाशात तर बरोबर आहे." भर उन्हात उभं राहून ते काम करून घेतलेल्या माणसाला.

यंदा त्याहून मोठ्या उधाणाचा इशारा आला. रजा मिळत नाही, असं मी ताईला सांगितलं. रजा होती, तोंड दाखवायची लाज वाटत होती. फोनवरून सूचना मात्र सुरू केल्या. पाइपाच्या तोंडाला झाकण बसवा, त्यावर आणखी काय काय.

"तू राहू दे," ताई म्हणाली. "ह्यांनी कालच पाइपात गोणपाट ठासून वर चिखल लिंपलाय. विहिरीभोवती मातीची पोती रचलीत. तुझा नकाशा तेवढा माळ्यावर टाकलाय, भिजायला नको."

भरतीच्या दिवशी मी घरीच होतो. सकाळपासून फोन हातात घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत होतो. दीड वाजून गेल्यावर तो वाजला. ताई होती.

"पाणी बांधाच्या माथ्याला चार बोटं कमी राहिलं. आता उतरतंय."

"आणि विहीर?"

रहाटाचा आवाज आला. मग तिचं पाणी पिणं ऐकू आलं.

"गोड आहे रे."

मी तिथंच फरशीवर बसलो. हसू आवरेना. बायको बाहेर आली, तेव्हा मी तिला एवढंच सांगू शकलो की विहीर गोड आहे. "बरं झालं," ती म्हणाली. "आता त्यांच्याशी बोला. वर्ष झालं."

ताई अजून फोनवरच होती. तिला भाऊजींना फोन द्यायला सांगितला.

"बोला साहेब. आणखी काही सूचना?"

"भाऊजी, उतार तुम्ही चुकवला नव्हता. मी खाडी ओहोटीला पाहिली, तुमचं ऐकलं नाही आणि वर दोष तुम्हाला दिला. माझं चुकलं. मला माफ करा."