आई घरी येणार नाही

नरहर गोडबोले कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि बरखेड्याचं क्वार्टर सोडून मिसरोदच्या स्वतःच्या घरात आले, तेव्हा सामानाला ट्रक पुरला नाही. पुढे ते वाढतच गेलं. कूलरचे गंजके सांगाडे, जळालेले पंखे, खोक्यांच्या फळ्या, रिकामे डबे. कॉलनीत कोणी काही टाकायला काढलं की यांची स्कूटर हजर. "कामाला येईल," एवढंच म्हणायचे. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई त्या ढिगांमधून अंग चोरून चालायला शिकल्या.

मुलगी सुचेता शाळेत खेळ शिकवायची. लग्नाआधी ती यावरून भांड भांड भांडली होती, नंतर तिनं नाद सोडला. पण यंदा होळीनंतर बाथरूमकडे जाताना एक सांगाडा इंदुमतीबाईंच्या पायात आला आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचर आत जाईना. शेजाऱ्यांनी त्यांना चादरीत घालून सामानावरून उचलून बाहेर काढलं. त्या कळवळून ओरडत होत्या, आणि नरहरराव सांगत होते, "जरा बेतानं, ती पेटी पडेल."

फोन येताच धावत आलेल्या सुचेतानं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी नरहरराव टॅक्सी ठरवूनच आले. सुचेता वॉर्डच्या दारात आडवी उभी राहिली.

"आई तुमच्याकडे येणार नाही."

"मग कुठे जाणार?"

"माझ्याकडे. घर रिकामं होईपर्यंत."

"तुला काय कळतं त्यातलं? एकेक वस्तू मी..."

"वस्तूंचं नका सांगू, बाबा. आईचं हाड तुमच्यामुळे मोडलंय."

आजूबाजूचे पेशंट वळून बघू लागले. नरहरराव लालबुंद झाले. "आवाज खाली कर."

"नाही करणार. करून करून हे दिवस आलेत."

ते बायकोकडे वळले. "अगं, तू तरी सांग हिला."

इंदुमतीबाईंनी पदर सारखा केला. "अहो, मला जरा पाय पसरून झोपायचंय," त्या म्हणाल्या आणि मुलीचा हात धरला.

काही दिवस नरहरराव रुसून बसले. मग त्यांचा फोन आला, जागा केलीय, घेऊन ये. सुचेता बघायला गेली. दारापासून पलंगापर्यंत वॉकर जेमतेम जाईल एवढी गल्ली, आणि दोन्ही बाजूंना छताला टेकलेले ढीग.

"हे उद्या तिच्या अंगावर कोसळेल. मी कबाडीवाल्याला बोलावते."

"मी मेल्यावर बोलाव."

"ठीक आहे. मग आई माझ्याकडेच राहील. तुम्ही भेटायला खुशाल या, पण मोकळ्या हातानं या."

पहिल्याच रविवारी ते रस्त्यात सापडलेलं मिक्सरचं भांडं घेऊन आले. सुचेतानं त्यांच्यादेखत ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ते तणतणत जिना उतरले. पुढच्या रविवारी आले ते रिकाम्या हातानं, आणि पोहे खाऊन गेले.

मिसरोदचं घर अजून तसंच आहे. इंदुमतीबाई मात्र आता हातात नुसती काठी घेऊन सुचेताच्या कॉलनीत दोन फेऱ्या मारतात. इंदूरच्या नणंदबाई फोनवर सुनावतात, म्हातारपणी नवऱ्याला एकटं टाकलंस म्हणून.

"तुम्ही येऊन राहा ना त्यांच्याकडे आठ दिवस," इंदुमतीबाई म्हणतात. नणंदबाई लगेच हवापाण्याचं विचारतात.