संग्रहालयातला लॅपटॉप आणि टेंभुर्णीच्या बाई

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते.

जालना जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका शिक्षणसंस्थेच्या संग्रहालयातून जुना लॅपटॉप चोरीला गेल्याची फिर्याद खुद्द संस्थेच्या अध्यक्षांनी दिली. विटेसारखा जाड लॅपटॉप, चार्जर, वायरने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणि पिशवी. "मुलींसाठी या भागातला पहिला संगणक वर्ग मी यावरच काढला," ते म्हणाले. संग्रहालयातल्या पाटीवरही त्यांचंच नाव होतं. गुन्हा नोंदवला, दुरुस्तीच्या दुकानांना कळवून ठेवलं.

लवकरच एका दुकानदाराचा फोन आला. "साहेब, टेंभुर्णीच्या एक बाई तसलाच चार्जर नीट करायला घेऊन आल्यात. नाव, पत्ता बराबर सांगून राह्यल्यात."

चोर खरा पत्ता देत नाही. मी सावध झालो.

महिला शिपायाला घेऊन बाईंच्या घरी गेलो. निवृत्त शिक्षिका. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता.

"तुम्ही नेलात?"

"नेला. दिवसाढवळ्या नेला. माझाच हाय तो. मांडायला दिल्ता, दान न्हाई केल्ता. पाटीवर अध्यक्षांचं नाव पाह्यलं. बदला म्हणलं, तर हसले. मंग उचलला."

पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला, जबाब घरीच घेतला. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन; बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "बाईला ठाण्यात बसवून ठेवा. संध्याकाळपर्यंत माफी लिहून देईल."

"बाईंना बसवणार नाही. पुरवणी जबाबाला तुम्हीच या," मी म्हणालो.

ते ऐकून बाई म्हणाल्या, "मी बी येते. त्यांच्या तोंडावर सांगते."

ठाण्यात अध्यक्ष आले, आणि बाई आल्या त्या दोन जुन्या विद्यार्थिनींना घेऊन. मी सगळं सामान टेबलावर मांडलं आणि फ्लॉपी ड्राइव्हवर बोट ठेवून अध्यक्षांना विचारलं, "हे काय आहे?"

"बॅटरी."

विद्यार्थिनींपैकी एक सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला राहवलं नाही. "सर, ह्याच्यात फ्लॉपी टाकायची! बाईंच्या ओसरीत शिकलो आम्ही. तुम्हाला तिथं कधी पाह्यलंच न्हाई."

अध्यक्षांचा आवाज उतरला. "जाऊ द्या. फिर्याद मागे घेतो."

"मागं घ्या न्हाईतर पुढं न्या," बाई म्हणाल्या. "मी हितंच हाय."

मी न्यायालयाला 'ब' समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे लॅपटॉप बाईंचा हे ठाऊक असूनही दिलेली फिर्यादच खोटी. त्याआधी वरून निरोप आला होता, जरा सौम्य लिहा. मी एक शब्द बदलला नाही. पुढे माझी बदली झाली, ती का झाली हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

न्यायालयाने लॅपटॉप बाईंच्या ताब्यात दिला. संस्थेची माणसं तो मागायला घरी गेली, तेव्हा बाईंनी आधी पाटी बदलून घेतली. आपल्या नावाखाली पहिल्या तुकडीतल्या प्रत्येक मुलीचं नाव लिहायला लावलं आणि मगच लॅपटॉप दिला.

घाबरलेला माणूस ओळखायला मला खात्याने शिकवलं. न घाबरणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं, हे या बाईंनी शिकवलं. तो अहवाल आज लिहायची वेळ आली, तरी तसाच लिहीन.